जुनी मोटार घेण्यापूर्वी

एक काळ असा होता की गावात मोटार शिरली तर ती डॉक्टरांची, नाही तर साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची असे. आता तसे राहिलेले नाही. प्राथमिक शाळेतले गुरुजी, दूधसंस्थेचे सचिव, चार एकर द्राक्षबागेचे मालक, किराणा दुकानदार अशा पुष्कळांच्या दारात आज चारचाकी उभी असते. यातल्या बऱ्याच गाड्या नव्या नसतात. शहरातल्या कुणी तरी दहाबारा वर्षे वापरून विकलेली गाडी आपण घेतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि पेढे वाटतो. यात कमीपणा मुळीच नाही. ऐपतीप्रमाणे वस्तू घ्यावी, हा शहाणपणाच आहे. पण वापरलेली वस्तू घेताना तिची परीक्षा करावी लागते, आणि मोटारीच्या बाबतीत ही परीक्षा आपण अर्धीच करतो. राहिलेल्या अर्ध्या परीक्षेविषयी चार गोष्टी आज सांगायच्या आहेत.

बाजारात बैल घ्यायला गेलात तर तुम्ही काय करता? दात मोजता, खूर पाहता, चार पावले चालवून बघता. मोटारीचेही आपण तेच करतो. ओळखीचा मिस्त्री बरोबर नेतो. तो बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर पाहतो, खाली वाकून तेल गळते का बघतो आणि एक चक्कर मारून येतो. ही सारी परीक्षा वापराने आलेल्या दोषांची झाली. पण मोटारीत दुसऱ्या जातीचा दोषही असू शकतो. तो वापराने येत नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाच तो तिच्यात असतो. त्याचा आवाज येत नाही, वास येत नाही, धूरही दिसत नाही. कित्येक वर्षांनी तो कंपनीच्या लक्षात येतो आणि मग कंपनी जाहीर करते, की अमुक काळात तयार झालेल्या गाड्या आमच्याकडे आणा, आम्ही तो भाग फुकट बदलून देतो. याला ‘रिकॉल’ म्हणतात. आपल्या भाषेत, गाडी परत बोलावणे.

नुसते तत्त्व सांगून गोष्ट मनात ठसत नाही, म्हणून एकच गाडी उदाहरणासाठी घेऊ. होंडा कंपनीची ‘सिटी’ ही गाडी आपल्याकडे 1998 साली आली. 2003 च्या अखेरीस तिचे दुसरे रूप आले, 2008 च्या अखेरीस तिसरे आणि 2014 च्या आरंभी चौथे. गाडी नावाजलेली आहे. इंजिन दणकट, बैठक ऐसपैस आणि चालायला हलकी. म्हणूनच तिची जुनी रूपे आज हातोहात फिरताना दिसतात. चांगल्या गाडीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. वाईट गाडीपासून माणूस आपण होऊनच दूर राहतो. फसगत होते ती चांगल्या नावाच्या गाडीत.

आधी या गाडीचे दिसणारे दोष थोडक्यात पाहू. सिटी जमिनीपासून फारशी उंच नाही. पाच माणसे आणि मागे दोन पोती सामान घेऊन गावच्या रस्त्याने गेलात, की तिचे पोट खड्ड्याला आणि गतिरोधकाला घासते. तेव्हा घेण्यापूर्वी ती जॅकवर किंवा खड्ड्यावर चढवून खालचा भाग पाहावा. खडबडीत रस्त्यावर पुढून खट्खट् आवाज आला, तर खालच्या आर्मचे बुश किंवा स्टिअरिंगचा रॅक झिजला आहे असे समजावे. एसी पुरेसा गार होत नसेल, तर आतली कूलिंग कॉइल गळते का ते तपासून घ्यावे. 2003 ते 2008 च्या काळातल्या सिटीत एक वेगळेपण आहे. तिच्या आय-डीएसआय इंजिनाला चार सिलिंडर असले तरी प्लग आठ असतात, एका सिलिंडरला दोन. पुढचे चार सहज हाताला येतात आणि मागचे चार अडचणीत असतात. म्हणून ‘प्लग नवे आहेत’ असे विकणारा म्हणाला, तर ‘आठही का?’ एवढे जरूर विचारावे. हे सगळे दोष खर्चाचे खरे, पण जिवावरचे नाहीत. किमतीत घासाघीस करून त्यांचा हिशेब मिटवता येतो.

आता दुसऱ्या जातीच्या दोषांकडे वळू. चालकाच्या दारावर चारही काचा वरखाली करण्याची बटणे असतात. पावसाळ्यात काच उघडी राहिली की पाणी त्या बटणांवर पडते. सिटीच्या दुसऱ्या रूपात हे पाणी बटणांच्या आत शिरत असे आणि विजेचे दोन मार्ग एकमेकांना जोडले जात. त्यामुळे बटण तापून वितळे, धूर निघे, आणि क्वचित आगही लागण्याचा धोका होता. या कारणाने 2010 च्या जानेवारीत होंडाने जगभरातल्या सुमारे साडेसहा लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत भारतातल्या सिटी 8,532 होत्या. पण एवढ्याने भागले नाही. 2011 च्या सप्टेंबरात आणखी 72,115 सिटी आणि 2013 साली 42,672 सिटी याच बटणांसाठी बोलावण्यात आल्या. आपल्या मुलखात चार महिने पाऊस पडतो. ज्या गाडीची बटणे बदललेली नाहीत, तिला हा धोका अजूनही चिकटलेला आहे.

त्याहून गंभीर दोष आहे तो एअरबॅगचा, म्हणजे अपघातात फुगणाऱ्या पिशवीचा. ती स्टिअरिंगच्या मधोमध घडी घालून बसवलेली असते. शेजारी बसणाऱ्यासाठी दुसरी पिशवी डॅशबोर्डात असते. गाडी जोराने आदळली की पिशवी फुगते आणि माणसाची छाती व तोंड स्टिअरिंगवर आपटण्याऐवजी तिच्यावर टेकते. पण फुगायला तिला वेळ किती मिळतो? एका सेकंदाचे तीस भाग केले तर त्यातला जेमतेम एक भाग. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. इतक्या झटपट हवा भरणारा पंप कुठून आणणार? म्हणून पिशवीच्या मागे लोखंडी डबी ठेवतात. तिला इन्फ्लेटर म्हणतात. तिच्यात रसायनाच्या घट्ट दाबलेल्या गोळ्या असतात. धक्का बसताच ठिणगी पडते, गोळ्या जळतात, त्यांचा वायू होतो आणि तो पिशवीत शिरतो. थोडक्यात, आपला जीव वाचवण्यासाठी आपल्या छातीसमोर एक मोजूनमापून भरलेला बार ठेवलेला असतो. बार नेमका जळला तर जीव वाचतो. त्याचे माप चुकले तर मात्र अनर्थ होतो.

ताकाता नावाची एक जपानी कंपनी होती. ती 1933 साली सुरू झाली आणि पुढे सीटबेल्ट व एअरबॅग बनवण्यात जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जाऊ लागली. अनेक मोटार कंपन्या तिच्याकडून माल घेत, होंडाही घेत असे. या कंपनीने आपल्या डबीत अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरले. शेतकरी बंधूंना हे नाव परके नाही. नायट्रेटयुक्त खताच्या गोणीवर ते वाचायला मिळते. आणि अशा खताचा स्वभावही तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात गोणीचे तोंड उघडे राहिले, तर खत हवेतली ओल पिऊन घेते, ओलसर होते आणि पुढे त्याचे ढेकूळ बनते. डबीतल्या गोळ्यांचेही असेच होत असे. ओल आत शिरे. दिवसा गाडी उन्हात तापे, रात्री थंड होई. असे हजारो दिवस गेले की ती घट्ट गोळी आतून भुसभुशीत होई, तिला भेगा पडत.

इथे कुणी म्हणेल, सादळलेला फटाका फुसका निघतो, मग सादळलेल्या गोळीने काय बिघडणार? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. या गोळ्या ओल्याचिंब होत नाहीत. त्या ठिसूळ होतात. चुलीत लाकडाचा ओंडका घातला तर तो तासभर सावकाश जळतो. त्याच ओंडक्याचा भुसा करून जाळावर उधळला तर भपकन् भडका उडतो. लाकूड तेवढेच, पण भुश्याला जळायला पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो. भुसभुशीत झालेल्या गोळीचे हेच होते. ती ठरल्यापेक्षा फार लवकर जळते, वायूचा दाब डबीला सोसत नाही, डबी फुटते आणि तिचे लोखंडी तुकडे पिशवी फाडून थेट माणसाच्या गळ्यात आणि तोंडात घुसतात. मारतो तो अपघात नव्हे. मारते ती वाचवण्यासाठी बसवलेली वस्तू.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. 2014 च्या जुलैत मलेशियातल्या सारावाक राज्यात 2003 सालच्या होंडा सिटीची दुसऱ्या एका मोटारीशी टक्कर झाली. वेग फार नव्हता. एरवी अशा धडकेतून माणूस खरचटण्यावर सुटतो. पण चालवणारी बाई गरोदर होती, डबी फुटली, एक तुकडा तिच्या मानेत शिरला आणि ती दगावली. तिचे बाळही वाचले नाही. अमेरिकेत अशा फुटलेल्या डब्यांनी 28 माणसांचे बळी घेतले आणि निदान 400 जण जखमी झाले. त्या एका देशात सुमारे 6 कोटी 70 लाख डब्या बदलण्यासाठी बोलावण्यात आल्या. मोटारींच्या इतिहासात एवढे मोठे रिकॉल झालेले नाही. ताकाता कंपनीने 2017 साली अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी तिने दिवाळे जाहीर केले.

भारतातही होंडाने याच डब्यांसाठी वेळोवेळी गाड्या बोलावल्या. 2015 च्या सप्टेंबरात 2,23,578, 2016 च्या जुलैत 1,90,578, 2017 च्या जानेवारीत 41,580 आणि 2018 च्या जानेवारीत 22,834. या आकड्यांत सिटीबरोबर जाझ, सिव्हिक, अकॉर्ड अशा तिच्या इतर गाड्याही येतात. टोयोटाच्या कोरोला आणि निसानच्या मायक्रा व सनी या गाड्यांनाही ताकाताच्या डब्यांसाठी बोलावणे आले होते. म्हणजे प्रश्न एका कंपनीचा नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कारखान्यातला बहुतेक माल जुना झाला की निकामी होतो. ही डबी जुनी झाली की जास्त धोकादायक होते. गाडी पाच वर्षांची असताना जो धोका थोडा होता, तो पंधराव्या वर्षी पुष्कळ वाढलेला असतो. शिवाय तपासणाऱ्या तज्ज्ञांना असे आढळले, की जिथे हवा दमट आणि ऊन कडक, तिथे गोळ्या लवकर बिघडतात. म्हणून अमेरिकेने फ्लोरिडासारख्या दमट प्रदेशातल्या गाड्या आधी हाती घेतल्या. आपली कोकणपट्टी, मुंबई आणि गोवे यांची हवा कशी आहे हे मी सांगायला नको. डहाणूपासून काणकोणपर्यंत समुद्राकाठी पंधरा पावसाळे काढलेली गाडी घाटावर विकायला आली, तर घेणाऱ्याने दुप्पट सावध असावे.

तुम्ही विचाराल, कंपनीने गाड्या बोलावल्या होत्या ना? मग हा प्रश्न आता उरतोच कसा? उरतो तो असा. बोलावण्याचे पत्र किंवा फोन कुणाला जातो? कंपनीच्या दप्तरात ज्याचे नाव असेल त्याला. ते नाव बहुधा पहिल्या मालकाचे असते. त्याने गाडी पुण्यातल्या दलालाला विकली, दलालाने बारामतीला दिली, बारामतीहून ती सांगोल्याला आली. पत्र मात्र पुण्यातल्या जुन्याच पत्त्यावर जाते. तिसरा मालक गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेत नाही, कारण तिथला खर्च परवडत नाही. तो कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री हुशार असतो, पण डबीच्या पोटातले रसायन त्याला दिसणार कसे? पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीसाठी गाडी आर.टी.ओ.कडे न्यावी लागते. तिथेही दिवे, ब्रेक, धूर पाहतात. एअरबॅग उघडून कुणी बघत नाही. अशा रीतीने दोष गाडीबरोबर गावोगाव फिरतो आणि त्याची बातमी मागेच राहते.

कायद्याचे साहाय्य किती, हेही पाहू. आपल्याकडे 2012 साली मोटार उत्पादकांच्या संघटनेने आपण होऊन गाड्या परत बोलावण्याची पद्धत घालून घेतली. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकार सक्तीने गाड्या परत बोलावायला लावू शकते. कसूर करणाऱ्या कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाऊल स्वागतार्ह आहे. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. आपण बोलतो आहोत ती सिटी त्या मुदतीच्या केव्हाच पलीकडे गेली. म्हणून इथे जाग आपणच ठेवायला हवी.

आणि ती ठेवणे अवघड नाही. प्रत्येक मोटारीला सतरा अक्षरे आणि आकडे मिळून झालेला एक चासी नंबर असतो. तो आर.सी. बुकात किंवा आताच्या कार्डावर लिहिलेला असतो आणि गाडीच्या सांगाड्यावरही कोरलेला असतो. व्यवहार ठरवण्यापूर्वी दोन्ही नंबर ताडून पाहा. ते जुळत नसतील तर तिथूनच नमस्कार करून परत फिरा. जुळले तर तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. ते जमत नसेल तर जवळच्या अधिकृत वर्कशॉपला फोन करून विचारा, ‘या नंबराच्या गाडीचे एखादे रिकॉलचे काम बाकी आहे का?’ हे विचारायला पैसा पडत नाही. काम बाकी निघालेच, तर तेही फुकट होते, मग तुम्ही गाडीचे दुसरे मालक असा की चौथे.

‘ते काम मागेच झालंय’ असे विकणारा म्हणेल. कागद मागा. एकाच गाडीला दोन वेळा बोलावणे आलेले असू शकते, कारण चालकाची डबी वेगळी आणि शेजारच्याची वेगळी. एक बदलली म्हणून दुसरी बदलली असे होत नाही. काम बाकी असेल तर ते करून घेऊनच गाडी ताब्यात घ्यावी. गाडी आधीच तुमच्या दारात असेल, तर डबी बदलेपर्यंत ती शक्य तो रस्त्यावर काढू नये, आणि निरुपायाने काढलीच तर शेजारच्या जागेवर कुणाला बसवू नये.

आणखी दोन सूचना. किल्ली फिरवली की समोर एअरबॅगचा छोटा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझत नसेल तर बिघाड आहे. तो लागतच नसेल तर अधिक संशय घ्यावा. कदाचित पूर्वीच्या अपघातात पिशवी फुटून गेली असेल आणि तिच्या जागी नुसते झाकण बसवून दिव्याची तार तोडलेली असेल. दुसरी सूचना अशी, की मोडीतल्या गाडीतून काढलेली एअरबॅग स्वस्त मिळते म्हणून बसवू नये, आणि स्टिअरिंगवरचे हे झाकण गावच्या गॅरेजमध्ये उघडूही नये. आत बार आहे, हे विसरू नये. जुन्या सिटीच्या काही प्रकारांत एअरबॅग नव्हतीच. तिथे हा प्रश्न येत नाही, पण बटणांचा येतो. सीटबेल्ट मात्र सगळीकडे लावायचाच. डबीच्या भीतीने तो सोडणे म्हणजे विंचवाला भिऊन सापावर पाय देण्यासारखे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा विषय वर्गात घेता येण्याजोगा आहे. एका पेल्यात खडीसाखरेचा खडा टाका, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची पिठीसाखर. कोणती आधी विरघळते ते मुलांना पाहू द्या. पृष्ठभाग वाढला की क्रिया वेगाने होते, हे त्यांना कायमचे समजेल. मग ही डबीची हकीकत सांगा आणि घरी जाऊन वडिलांच्या गाडीचा चासी नंबर वहीत उतरवून आणायला सांगा. शाळेतल्या संगणकावर किंवा तुमच्या फोनवर दहा मिनिटांत दहा गाड्या तपासून होतील. त्यांतली एक जरी सदोष निघाली, तरी एका घरावरचे संकट टळले असे समजा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा दूधसंस्थेच्या भिंतीवर या चार ओळी लिहायलाही हरकत नाही.

बैलाचे दात पाहून त्याचे वय कळते, पण त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही. मोटारीचे तसे नाही. तिच्या पोटातला हा दोष कंपनीच्या दप्तरात नोंदलेला असतो आणि त्या नोंदीपर्यंत पोचायला सतरा अक्षरे पुरतात. इंजिनाचा आवाज मिस्त्रीने ऐकावा. हा नंबर मात्र गाडी घेणाऱ्याने स्वतःच विचारावा, आणि तोही बयाणा देण्याच्या आधी.